३४वा मजला, समोर सी लिंक, आतून सगळं नवं: हा रिसेल फ्लॅट घ्यावा का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. प्रभादेवीच्या एका टॉवरमध्ये ३४व्या मजल्यावरचा तीन बेडरूमचा फ्लॅट विकायला आहे. इमारत २००९-१० ची. मालक दुबईला असतात. गेल्या वर्षी त्यांनी घर पूर्ण नव्याने करून घेतलं: हॉल आणि किचनमधली भिंत काढली, बाल्कनी आणि फ्लॉवर बेड (खिडकीबाहेरची झाडं लावायची खोलगट जागा) हॉलमध्ये घेतले, खाली इटालियन मार्बल, वर फॉल्स सीलिंग. पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच आहे आणि तिच्यातून अख्खा सी लिंक दिसतो. विचारणारं जोडपं ठाण्याचं आहे. भाव त्याच इमारतीतल्या इतर फ्लॅटपेक्षा बराच जास्त सांगितलाय आणि एजंट ‘याच आठवड्यात टोकन द्या’ म्हणतोय. घ्यावं का, आणि घ्यायचं तर काय बघावं?

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. मुंबईत रिसेल घर घेण्याआधी ते तपासून देणं हा माझ्या कामाचा मोठा भाग. या प्रकारच्या घराबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तुमच्याकडून जादा पैसे दोन गोष्टींचे मागितले जाताहेत, देखाव्याचे आणि नवेपणाचे. या दोन्हींपैकी एकही गोष्ट खरेदीखतात येत नाही. खतात येतं ते चटई क्षेत्र, मजला, सोसायटीचे शेअर्स आणि असलं तर पार्किंग. त्यामुळे आधी खतात येणाऱ्या गोष्टी पक्क्या करा आणि मग काचेपाशी उभे राहा. पहिल्या भेटीत सगळे थेट काचेपाशी जातात. तिथून मागे वळून छताकडे बघायला कुणाला सुचत नाही.

पहिला कागद भोगवटा प्रमाणपत्राचा, म्हणजे ओसीचा. उंच इमारतींना ओसी बरेचदा टप्प्याटप्प्याने मिळते. खालच्या मजल्यांना पार्ट ओसी मिळालेली असते आणि वरच्यांची ‘येईल’ म्हणता म्हणता वर्षं जातात. एजंट ‘बिल्डिंगला ओसी आहे’ म्हणेल. तुम्ही प्रत मागून घ्या आणि तुमचा मजला त्यात लिहिलाय का ते स्वतः वाचा. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ताडदेवच्या एका ३४ मजली इमारतीतल्या १७ ते ३४ या मजल्यांवरच्या रहिवाशांना घरं रिकामी करायला सांगितलं, कारण त्या मजल्यांना ओसीच नव्हती. वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडचं प्रकरण तर तुम्हाला आठवत असेलच. मंजुरी पाच-सहा मजल्यांची, त्यातली एक इमारत २० मजल्यांची, आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयातही वरचे मजले वाचले नाहीत. दोन्ही ठिकाणी धोक्यात आले ते वरचे, म्हणजे देखाव्याचे मजले. तिथल्या कुटुंबांनी कर भरला होता, बँकांचे हप्तेही भरले होते, त्याने काही फरक पडला नाही.

ओसी वाचताना आणखी एक गोष्ट बघा. जाहिरातीतला ३४वा मजला मंजूर नकाशात ३४वा असेलच असं नाही. कुठे तेरावा मजला गाळलेला असतो, कुठे पोडियमचे (खालचे पार्किंग वगैरेचे) मजले मोजणीत धरलेले असतात. करारनामा, ओसी आणि शेअर सर्टिफिकेट या तिन्हींत मजला आणि फ्लॅट नंबर एकच असला पाहिजे. नसेल तर आधी दुरुस्ती करून घ्या, टोकन नंतर.

आता मंजूर नकाशा. तुमच्या मजल्याचा शेवटचा मंजूर नकाशा सोसायटीकडे असतो, नाहीतर आर्किटेक्टकडे. तिथे नाही मिळाला तर महापालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागातून माहितीच्या अधिकारात काढता येतो. तो हातात घेऊन घरात फिरा. तुमच्या इमारतीच्या वयाची घरं बघताना मी सगळ्यात आधी फ्लॉवर बेड शोधतो. जानेवारी २०१२ पर्यंत मुंबईत फ्लॉवर बेड, कोनाडे, डक्ट, बाल्कनी यातलं बरंच काही एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटच्या प्रमाणात मंजूर होणाऱ्या बांधकाम क्षेत्रात, मोजलं जात नव्हतं. बिल्डर कागदावर फ्लॉवर बेड दाखवायचे, ग्राहकाला ‘नंतर आत घ्या’ म्हणून सांगायचे आणि त्याचेही पैसे घ्यायचे. २०१२ मध्ये नियम बदलला, ही सगळी क्षेत्रं एफएसआयमध्ये मोजायची ठरली आणि त्या बदल्यात घरांसाठी ३५ टक्के फंजिबल एफएसआय, म्हणजे प्रीमियम भरून मिळणारं जादा बांधकाम क्षेत्र, आला. तुमच्या हॉलमध्ये आलेला फ्लॉवर बेड जुन्या नियमातला आहे. कागदावर तिथे आजही झाडं लावायची जागाच आहे. महापालिकेची नोटीस आली तर ती त्या वेळी घरात राहणाऱ्याच्या नावाने येते, दुबईला जात नाही. हे क्षेत्र प्रीमियम भरून नियमित होऊ शकतं का, हे सोसायटीच्या आर्किटेक्टकडून लेखी घ्या. होत नसेल तर तेवढे चौरस फूट सोडून भाव लावा.

फ्लॉवर बेडचा दुसरा प्रश्न ताकदीचा आहे आणि मला तो कागदाच्या प्रश्नापेक्षा मोठा वाटतो. फ्लॉवर बेड आणि बाल्कनीचा स्लॅब सहसा कॅन्टिलिव्हर असतो, एका बाजूने आधार, दुसरी बाजू हवेत. साध्या स्लॅबमध्ये मधल्या भागाची मुख्य सळई खालच्या बाजूला असते, कॅन्टिलिव्हरमध्ये ती वरच्या बाजूला असते. नूतनीकरणात होतं काय, तर बाल्कनीची जुनी फरशी आणि तिच्याखालचा कोबा ब्रेकरने फोडला जातो. फोडणाऱ्याला सांगितलेलं असतं की लेव्हल हॉलला मिळवायची आहे. ब्रेकरची छिन्नी कोबा संपवून काँक्रीटमध्ये शिरली की जी सळई सगळा भार धरून असते तिलाच लागते. कॉन्ट्रॅक्टर त्यावर माल टाकतो, मार्बल बसवतो आणि विषय संपतो. खोलगट फ्लॉवर बेड भरून वर आणायला विटांचे तुकडे आणि काँक्रीट टाकलं असेल तर त्याचं वजन वेगळं. कॅन्टिलिव्हर आत वळतो त्या रेषेवर, म्हणजे जुनी बाल्कनी आणि हॉल यांच्या सांध्यावर, मार्बलमध्ये भिंतीला समांतर केसासारखी भेग दिसते का ते बॅटरी आडवी धरून बघा. ३३व्या मजल्यावरच्यांना विनंती करून त्यांच्या बाल्कनीच्या छताकडेही बघून या. तुमच्या स्लॅबची खालची बाजू तिथेच दिसते.

हॉल-किचनमधली काढलेली भिंत कशाची होती, हे नकाशावरच्या जाडीवरून आणि कॉलमच्या जागांवरून कळतं. ब्लॉकची असेल तर भार घेणारी नव्हती, काढली तरी चालतं. पण उंच इमारतींत काही भिंती आरसीसीच्या असतात, त्यांना शिअर वॉल म्हणतात, आणि वाऱ्याचा व भूकंपाचा आडवा भार त्या घेतात. मुंबईत डिझाइनसाठी धरायचा वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर आहे आणि उंचीप्रमाणे तो वाढवून धरतात. अशा भिंतीत दार मोठं केलं, एसीच्या पाइपसाठी मोठं भोक पाडलं किंवा वायरिंगसाठी आडवी झिरी मारली तरी ते चूकच आहे. ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या अलीकडच्या इमारतींमध्ये तर जवळपास सगळ्याच भिंती आरसीसीच्या असतात. तिथे ‘ओपन किचन’ करून दिलेलं घर मी सरळ नको म्हणतो. एक सोपा उपाय आहे. वरच्या आणि खालच्या मजल्यावरच्या त्याच लाइनच्या फ्लॅटमध्ये जा. तिथे मूळ भिंत असेल तर बोटाच्या पेराने ठोकून बघा. ब्लॉकची भिंत जरा पोकळ वाजते, आरसीसीची मुकी. पक्कं करायचं तर रिबार लोकेटर (काँक्रीटमधली सळई शोधणारं यंत्र) घेऊन इंजिनिअरला पाठवा, अर्ध्या तासाचं काम आहे.

मार्बलबद्दल एकच हिशोब सांगतो. राहत्या खोलीसाठी डिझाइनमध्ये धरायचा चल भार, म्हणजे माणसं आणि सामान यांचा भार, आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो असतो. फरशीचं वजन वेगळं धरलेलं असतं, पण ते एका फरशीचं. जुनी फरशी न काढता तिच्यावर ५० मिलिमीटर माल आणि २० मिलिमीटर मार्बल चढवलं, तर दर चौरस मीटरला साधारण १६० किलो वाढले. म्हणजे माणसं आणि सामान यांच्यासाठी ठेवलेल्या जागेतला मोठा वाटा घरात कुणी पाऊल टाकायच्या आधीच संपला. हे झालंय का ते ओळखायला मुख्य दाराचा उंबरठा बघा. लॉबीपेक्षा घर दोन-तीन इंच वर असेल, दारं खालून कापलेली दिसत असतील, बाथरूमची पायरी नेहमीपेक्षा जास्त असेल, तर जुनी फरशी खाली तशीच आहे असं समजा.

आता ओल. नव्या रंगाचं घर बघताना माझी सगळ्यात जास्त शंका फॉल्स सीलिंगवर असते. सगळेच लपवायला सीलिंग करतात असं मी म्हणत नाही, बहुतेक जण दिव्यांसाठी आणि एसीच्या डक्टसाठीच करतात. पण वरच्या मजल्याच्या बाथरूमची गळती, स्लॅबच्या सळयांचा गंज, निघालेलं प्लास्टर हे सगळं त्या बारा मिलिमीटरच्या जिप्सम बोर्डामागे वर्षभर तरी दिसेनासं होतं. बाथरूमच्या सीलिंगमध्ये आणि एसीच्या युनिटपाशी उघडणारी झाकणं असतात. शिडी मागवा, झाकण उघडा, बॅटरी लावा. पांढरे ओघळ, लोणा, काळपट ओला डाग, सळईच्या रेषेवर तपकिरी भेग यातलं काही आहे का बघा. काही ठिकाणी काँक्रीटमध्ये बसवून नंतर कापलेल्या छोट्या प्लास्टिकच्या नळ्या दिसतात. त्या ग्राउटिंगच्या, म्हणजे भेगांत दाबाने रसायन किंवा सिमेंट भरायच्या असतात. त्या दिसल्या म्हणजे इथे गळती होती आणि ती इंजेक्शन देऊन थांबवायचा प्रयत्न झाला. थांबली का, हे पुढच्या पावसाळ्यात कळतं. मालक झाकण उघडू देत नसेल, किंवा झाकणंच ठेवलेली नसतील, तर एका ठिकाणी फूटभर बोर्ड कापायची परवानगी मागा आणि दुरुस्तीचा खर्च तुम्ही द्या. एवढ्या व्यवहारात हा खर्च काहीच नाही, आणि नकार मिळाला तर तेही उत्तरच आहे.

खालच्या घरालाही विचारा. तुमच्या बाथरूममधून ३३व्या मजल्यावर गळत असेल तर घराबरोबर ते भांडणही तुमच्याकडे येतं. घरातल्या बाथरूम, नहाणी ट्रॅप, सिंक यांच्या गळतीची दुरुस्ती आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाने स्वखर्चाने करायची असते. बाथरूमच्या टाइल्स नुसत्या बदलल्या की वॉटरप्रूफिंगही नव्याने केलं, हे कॉन्ट्रॅक्टरच्या बिलावर दिसतं. बिल मागा. शक्य असेल तर बाथरूमचे ट्रॅप बंद करून इंचभर पाणी ४८ तास साठवून ठेवायला सांगा आणि मग खालच्या घराचं छत बघा.

पश्चिमेची मोठी काच ही या घराची शोभा आहे आणि पावसाळ्यातली सगळ्यात कमजोर जागाही तीच. मुंबईचा पाऊस नैऋत्येकडून येतो, आणि ३४व्या मजल्यावर तो वरून पडत नाही, समोरून आदळतो. सरकत्या खिडक्यांच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने पाणी जायला बारीक भोकं असतात. नूतनीकरणात कुणीतरी ‘पाणी येतं’ म्हणून तीच सिलिकॉनने बुजवून टाकतो, मग ट्रॅक भरतो आणि पाणी आत उतरतं. तुम्ही उन्हाळ्यात घर बघत असाल तरी हे तपासता येतं: ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओता आणि ते कुठे जातं ते बघा. खिडकीखालच्या मार्बलवर पिवळट पट्टा, स्कर्टिंगच्या वरच्या कडेला फुगलेला रंग, पडद्याच्या अस्तरावर पाण्याची रेघ, हे सगळं पावसाळा सांगून जातो. रंगकाम अगदी ताजं असेल तर पडद्याचं अस्तर नक्की बघा, ते रंगवता येत नाही.

काच कुठल्या प्रकारची आहे तेही विचारा. जमिनीपासून छतापर्यंतच्या काचेच्या मागे मूळचा कठडा होता. तो काढलाय का? काढला असेल तर काच लॅमिनेटेड हवी, म्हणजे फुटली तरी जागेवर राहील आणि माणूस किंवा मूल बाहेर जाणार नाही. नुसती टफन्ड काच फुटली की चुरा होऊन सगळीच निखळते. काचेच्या कोपऱ्यात छापलेली खूण वाचता येते. घरात लहान मुलं असतील तर या मुद्द्यावर मी तडजोड करू देत नाही.

आगीबाबत दोन गोष्टी. घरात स्प्रिंकलर दिलेले असतील तर फॉल्स सीलिंग करताना त्यांची तोंडं सीलिंगच्या वर राहिलीत का, की नळी बंद करून टाकलीय, ते बघा. मुख्य दार मूळचं अग्निरोधक होतं आणि आता कोरीव लाकडाचं आहे का, तेही बघा. या उंचीवर शिडीच्या भरवशावर राहता येत नाही; इमारतीतली यंत्रणा आणि आगीच्या वेळी थांबायला मोकळा ठेवलेला रेफ्युज मजला हाच आधार. ऑक्टोबर २०२१ मध्ये करी रोडच्या उंच टॉवरमध्ये १९व्या मजल्यावर आग लागली आणि खाली लटकलेला एक सुरक्षारक्षक पडून मरण पावला. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचा दाखला, फॉर्म बी, दर जानेवारीत आणि जुलैमध्ये द्यावा लागतो. सोसायटीच्या ऑफिसात शेवटचा फॉर्म बी मागा. रेफ्युज मजल्यावर स्वतः जाऊन या. तिथे सायकली आणि जुनी कपाटं रचलेली असतील तर ती सोसायटी कशी चालते हे तुम्हाला कळलं.

त्याच ऑफिसात स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवालही मागा. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी ऑडिट करायचं असतं, म्हणजे तुमच्या इमारतीचं पहिलं आता व्हायलाच हवं. समुद्राच्या इतक्या जवळ क्षार काँक्रीटमध्ये शिरतात आणि सळया लवकर गंजतात, म्हणून अहवालात क्लोराइड (क्षारांची) आणि हाफ-सेल (सळईच्या गंजाची) चाचण्या आहेत का बघा. नुसत्या डोळ्यांनी बघून लिहिलेला अहवाल पुरेसा नाही. सिंकिंग फंडात, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी सोसायटीने साठवलेल्या निधीत, किती आहे तेही विचारा. चाळीस मजली इमारतीला बाहेरून रंग आणि प्लास्टरची दुरुस्ती करायची वेळ येते तेव्हा प्रत्येक घरामागे मोठी रक्कम निघते, आणि पंधरा-वीस वर्षांच्या इमारतीत ती वेळ जवळच असते. जमीन सोसायटीच्या नावावर झालीय का, म्हणजे कन्व्हेयन्स झालंय का, हे मालमत्ता पत्रकावर दिसतं. ते वकिलाकडून बघून घ्या.

आता देखाव्याकडे येऊ. कायद्याने तुम्हाला समोरच्या दृश्यावर हक्क नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात खिडकीतून येणाऱ्या उजेड-हवेवरचा हक्क वीस वर्षांच्या अखंड उपभोगाने मिळू शकतो, पण ‘मला इथून समुद्र दिसायचा’ हा दावा त्यात बसत नाही. समोरच्याने कायदेशीर मंजुरी घेऊन टॉवर उभा केला तर तुमच्याकडे करण्यासारखं काही उरत नाही. म्हणून देखावा विकत घेताना आज काय दिसतंय यापेक्षा तुमच्या आणि समुद्राच्या मध्ये काय उभं आहे ते मोजा.

प्रभादेवी-वरळीच्या किनाऱ्याबाबत एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. समुद्राकडच्या बऱ्याच जुन्या इमारती आणि बंगले आजवर बुटके राहिले, त्याला एक मोठं कारण होतं. १९९१ च्या सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, अधिसूचनेमुळे तिथला एफएसआय जुन्या, १९६७ च्या नियमांवर गोठला होता, शहरात १.३३. त्यात पुनर्विकास परवडायचा नाही, म्हणून कुणी हात लावत नव्हतं आणि मागच्या टॉवरमधून समुद्र मोकळा दिसत होता. २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेने ही गाठ सोडवली आणि २०२१ मध्ये मुंबईचा किनारा व्यवस्थापन आराखडा मंजूर झाल्यावर पट्टा दोनमधल्या, म्हणजे आधीच बांधकाम झालेल्या किनारी भागातल्या, या जागांना शहराच्या विकास नियमांचा एफएसआय मिळायला लागला. म्हणजे ज्या बुटक्या गच्च्यांवरून तुम्हाला आज सी लिंक दिसतोय, त्याच गच्च्या आता पुनर्विकासाच्या रांगेत आहेत. एजंट तुम्हाला ‘समोर सगळ्या जुन्या बिल्डिंगा आहेत, कोण काय बांधणार’ म्हणेल. मी तेच वाक्य धोक्याची सूचना म्हणून ऐकतो.

तपासायचं असं: हॉलच्या काचेच्या दोन टोकांपासून सी लिंकच्या दोन टोकांपर्यंत नकाशावर रेघा मारा. त्या दोन रेघांच्या मधल्या प्रत्येक प्लॉटचा सिटी सर्व्हे नंबर काढा. विकास आराखडा २०३४ मध्ये त्यावर कसलं आरक्षण आहे बघा. उद्यान, मैदान, रस्ता असेल तर चांगलं. मग महारेराच्या संकेतस्थळावर त्या भागातले नोंदलेले प्रकल्प शोधा. आणि संध्याकाळी त्या जुन्या इमारतींच्या गेटवर जाऊन वॉचमनशी बोला. पुनर्विकासाच्या सभा सुरू असल्या तर सगळ्यात आधी त्यालाच माहीत असतं. इमारत तीस वर्षांच्या पुढची, प्लॉट मोठा आणि गेटवर एखाद्या बिल्डरचा बॅनर, असं जमून आलं असेल तर तो देखावा चार-पाच वर्षांचा समजा आणि तेवढ्याचेच पैसे द्या. त्या दोन रेघांच्या मध्ये एखादी नवी, पूर्ण झालेली इमारत असेल तर तिच्या बाजूला जे दिसतंय ते जास्त टिकाऊ. मुंबईत खरोखर टिकणारे देखावे थोडेच आहेत: रेसकोर्ससारख्या मोठ्या मोकळ्या जागेवरचे, थेट पाण्यालगतचे आणि विमानतळाच्या उंचीमर्यादेखालच्या भागांवरचे.

घर एकदा दुपारी तीनला बघा आणि एकदा रात्री. पश्चिमेच्या काचेतून एप्रिल-मेमध्ये दुपारी काय होतं ते तीन वाजता कळतं. विजेची गेल्या उन्हाळ्याची बिलं मागा म्हणजे एसीचा खर्चही कळेल. रात्री खिडकी उघडून कोस्टल रोड आणि सी लिंकच्या वाहतुकीचा आवाज ऐका. उंचावर आवाज कमी होतो असा समज आहे, मोकळ्या समुद्राच्या बाजूला तो फारसा खरा नाही.

भावाबद्दल. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्याच इमारतीतल्या व्यवहारांची सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा) मिळते. गेल्या दोन वर्षांतले तिथले व्यवहार काढा, प्रत्येकाचा चटई क्षेत्रावरचा दर काढा, मजला लिहा. त्यावरून त्या इमारतीत उंचीला आणि दिशेला प्रत्यक्षात किती जादा मिळतं ते दिसेल, एजंटच्या आकड्याची गरज राहणार नाही. मुद्रांक शुल्काच्या रेडी रेकनरमध्ये, म्हणजे सरकारी दरपत्रकात, सरकारही उंचीचे पैसे धरतं: लिफ्टच्या इमारतीत ५ ते १० मजल्यांना ५ टक्के, ११ ते २० ला १०, २१ ते ३० ला १५ आणि ३१च्या पुढे २० टक्के वाढ. मुंबईत शुल्क ६ टक्के, घर फक्त स्त्रीच्या नावे घेतलं तर ५, वर नोंदणी फी जास्तीत जास्त ३० हजार.

इंटिरिअरचे पैसे वेगळे काढून मागा. मालकाने चाळीस लाख खर्च केले असतील तर तुम्ही चाळीस द्यायचे कारण नाही. किचन, कपाटं, सीलिंग ही वापरलेली वस्तू आहे आणि दुसऱ्याच्या आवडीची. त्यातलं काढून टाकण्यासारखं जे असेल ते शून्य धरा. बँकेचा व्हॅल्युअर इंटिरिअर जवळपास धरतच नाही, आणि ७५ लाखांवरच्या कर्जाला बँक मूल्याच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देऊ शकते. त्यामुळे मूल्यांकन कमी आलं की फरक तुमच्या खिशातून जातो. ‘फर्निचरचा करार वेगळा करू, शुल्क वाचेल’ अशी सूचना आली तर नाही म्हणा. घराची किंमत कमी दाखवण्यासाठी केलेला तो करार पुढे मुद्रांक आणि आयकर अशा दोन्ही खात्यांपुढे तुम्हालाच समजावून सांगावा लागेल.

मालक अनिवासी आहेत ही गोष्ट हलकी घेऊ नका. ५० लाखांपासून पुढच्या घरावर निवासी विक्रेत्याचा १ टक्का टीडीएस कापतात, हे सगळ्यांना माहीत झालंय. अनिवासी विक्रेत्याला तो नियम लागत नाही. तिथे दीर्घकालीन नफ्याचा १२.५ टक्के दर, त्यावर अधिभार आणि उपकर, असा कापावा लागतो, आणि विक्रेत्याने कमी दराचं प्रमाणपत्र आणलं नाही तर पूर्ण किमतीवर कापायची वेळ येते. तुम्ही १ टक्का कापून मोकळे झालात तर बाकीची वसुली तुमच्याकडून होते. सीए आधी गाठा. मुखत्यारपत्रावर व्यवहार होणार असेल तर मालकांशी स्वतः व्हिडिओवर बोला आणि मुखत्यारपत्रात विक्रीचा आणि पैसे स्वीकारण्याचा अधिकार स्पष्ट आहे का ते वकिलाला वाचायला द्या. सोसायटीचं हस्तांतरण प्रीमियम २५ हजारांच्या वर मागता येत नाही, ‘डोनेशन’ मागितलं तर लेखी मागायला सांगा.

टोकन द्यायचंच असेल तर छोटं द्या, मालकाच्या खात्यात द्या, आणि पावतीवर तीन ओळी लिहून घ्या: तुमच्या मजल्याची ओसी आणि मंजूर नकाशा मिळाला नाही, इंजिनिअरच्या तपासणीत भार घेणाऱ्या भिंतीला किंवा स्लॅबला इजा निघाली, किंवा बाल्कनी-फ्लॉवर बेडबद्दल महापालिकेची नोटीस आधीच आलेली निघाली, तर टोकन सात दिवसांत परत. करारनाम्यात आणखी एक कलम घाला, की आतल्या बदलांबद्दल ताब्यापूर्वीच्या काळातली कुठलीही नोटीस, दंड किंवा खालच्या घराची गळतीची तक्रार आली तर खर्च विक्रेत्याचा, आणि त्यासाठी ठरावीक रक्कम पुढचा एक पावसाळा संपेपर्यंत वकिलाकडे राहील. विक्रेते या शेवटच्या अटीवर कुरकुर करतात. काम नीट केलं असेल तर मान्य करतात.